बोर्दो : द्राक्षांचें शहर आणि त्याची खातेवही

चाळीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगून आजच्या भाषणास आरंभ करतों. नाशिक जिल्ह्यांतील एका खेडेगांवीं मी त्या वेळीं शिक्षक होतों. शाळेच्या कुंपणापलीकडे द्राक्षांचा मळा होता. एके दिवशीं सकाळीं मळ्याचा धनी तीन पिंपें मांडून उभा होता. एका पिंपांत मोरचुदाचें पाणी, दुसऱ्यांत चुन्याचें. आणि हीं दोन्ही पाणीं तो तिसऱ्या पिंपांत एकदम ओतीत होता. त्या मिश्रणाला आकाशासारखा निळा रंग चढत होता. "हें काय चाललें आहे?" असें मी विचारतांच तो म्हणाला, "बोर्डो करतोय, गुरुजी. वेलीवर केवडा पडलाय, त्यावर मारायचा." मग हातांतली काठी थांबवून त्यानें मलाच उलट विचारलें, "गुरुजी, हा बोर्डो कोण हो? कुणी साहेब होता कीं गांव आहे?"

श्रोतेहो, 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द उच्चारणें शिक्षकाला फार जड जातें. "असेल कुणी साहेब," असें सांगून मी शाळेंत निघून आलों. उत्तर चुकीचें होतें. पुढें वाचनांत तें नांव वरचेवर भेटूं लागलें, तसतशी ती चूक मला अधिक बोचूं लागली. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याची संधि आज नभोवाणीनें मला दिली आहे.

बोर्डो हें गांव आहे. फ्रेंच लोक त्याचा उच्चार बोर्दो असा करतात. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस गारोन नांवाची नदी आहे. पिरेनीज पर्वतांत उगम पावून ती अटलांटिक महासागराकडे जाते. समुद्र अजून सुमारें शंभर किलोमीटर दूर असतां ती एक डौलदार वळण घेते. त्या वळणाची आकृति चंद्रकोरीसारखी असल्यामुळें तेथील बंदरास 'चंद्राचें बंदर' असें नांव पडलें. शहर वसलें तें याच वळणावर. खालच्या अंगास दोर्दोन्य ही दुसरी नदी गारोनला मिळते आणि दोघींची मिळून झिरोंद नांवाची विस्तीर्ण खाडी बनते. समुद्राची भरती या खाडींतून थेट शहरापर्यंत चढते. म्हणून पूर्वींचीं गलबतें भरतीबरोबर आंत येत व ओहोटीबरोबर बाहेर पडत. शहर समुद्रापासून दूर, वादळांपासून सुरक्षित. आणि तरीहि समुद्राचें.

द्राक्षासवाकरितां हें शहर जगभर प्रसिद्ध आहे. येथें एक गोष्ट प्रथमच सांगून टाकावयास हवी. मीं स्वतः मद्याचा थेंबहि कधीं चाखलेला नाहीं. तेव्हां कोणत्या मळ्याचें आसव उत्तम हें सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु बोर्दो हें व्यापाऱ्यांचें शहर आहे, आणि व्यापाऱ्याची खरी ओळख दुकानाच्या पाटीवरून होत नसते. ती त्याच्या खातेवहीवरून होते. वहीला दोन बाजू असतात, एक जमेची व एक नांवेंची. या शहराच्या वहींत कोणाकोणाचें देणें लिहिलेलें आहे, आणि कोणाचें लिहावयाचें राहून गेलें होतें, एवढेंच आज मी आपल्यासमोर मांडणार आहें.

वहीचें पहिलें पान रोमन काळांतलें आहे. त्या वेळीं या शहरास बुर्दिगाला म्हणत. रोमन लोकांच्या क्रीडागाराचे भग्न अवशेष 'पाले गालियें' या नांवानें शहरांत आजहि उभे आहेत. चौथ्या शतकांत येथें ऑसोनियस नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला. तो व्यवसायानें माझाच भाऊबंद, म्हणजे शिक्षक. सुमारें तीस वर्षें त्यानें या शहरांत व्याकरण व वक्तृत्व हे विषय शिकविले. पुढें सम्राटानें आपला मुलगा ग्राशियन याचा गुरु म्हणून त्याला बोलावून नेलें. आणि तो शिष्य गादीवर आल्यावर इ. स. ३७९ मध्यें या वृद्ध शिक्षकास कॉन्सलचें सर्वोच्च पद मिळालें. ऑसोनियस कवि होता व द्राक्षमळ्यांचा मालकहि होता. परंतु मला त्याचें कौतुक वाटतें तें निराळ्याच कारणासाठीं. बोर्दो शहरांतील शिक्षकांवर, त्यांत अगदीं सामान्य शिक्षकहि आले, त्यानें एक काव्यमालिका रचून त्यांचीं नांवें जतन केलीं. ज्यांच्यापासून आपण कांहीं घेतलें त्यांचीं नांवें लिहून ठेवावीं, ही रीति या शहराला त्यानें घालून दिली. शहरानें ती नेहमींच पाळली असें मात्र नाहीं.

दुसरें पान एका लग्नाचें आहे. ११३७ सालीं अ‍ॅकितेन प्रांताची वारस एलिनोर हिचा विवाह फ्रान्सच्या युवराजाशीं बोर्दोच्या सेंट आंद्रे या मुख्य मंदिरांत झाला. तो संसार टिकला नाहीं. ११५२ मध्यें विवाह रद्द झाला आणि त्याच वर्षीं तिनें हेन्री प्लँटाजेनेट याच्याशीं दुसरा विवाह केला. दोन वर्षांनीं हा हेन्री इंग्लंडचा राजा झाला. आणि एलिनोरचा सारा मुलूख, बोर्दो शहरासह, इंग्लंडच्या मुकुटाखालीं गेला. तो तेथें तीनशें वर्षें राहिला.

या तीनशें वर्षांत बोर्दोचें नशीब फळफळलें. इंग्लंडांत द्राक्षें फारशीं पिकत नाहींत, पण आसव पिणारे पुष्कळ. दर वर्षीं शरद ऋतूंत नवें आसव तयार झालें कीं जहाजांचे काफिलेच्या काफिले बोर्दोहून इंग्लंडास निघत. त्या काळीं जहाजांत किती माल मावतो हें मद्याच्या मोठ्या पिंपांवरून मोजीत असत. त्या पिंपाच्या नांवावरूनच 'टन' हा शब्द आला. आपल्या साखर कारखान्याच्या कांट्यावर उसाची गाडी उभी राहते आणि इतके टन भरले असें आपण म्हणतों, तेव्हां मद्याच्या त्या पिंपाचेंच नांव आपण नकळत उच्चारीत असतों.

१४५३ मध्यें कास्तियों येथील लढाईंत इंग्रजांचा पराभव झाला आणि बोर्दो फ्रान्सकडे आलें. राज्य गेलें, पण गिऱ्हाईक तुटलें नाहीं. पुढें सतराव्या शतकांत डच व्यापारी आले. समुद्र हटवून जमीन करण्याची विद्या त्यांना घरचीच. शहराच्या उत्तरेस मेदोक नांवाच्या भागांत दलदल होती. तिचें पाणी काढून देण्याचें काम डच लोकांनीं केलें. तेथील उंचवट्यांवर खाली गोटे व वाळू अशी जमीन आहे. पाणी तींत सांचत नाहीं, आणि दिवसा तापलेले गोटे रात्रीं वेलीला ऊब देतात. जगांत आज ज्यांना सर्वांत मोठा मान आहे त्यांपैकीं अनेक मळे याच भागांत आहेत. रिकाम्या पिंपांत गंधकाची कांडी जाळावी म्हणजे आसव बिघडत नाहीं, ही युक्तीहि डच व्यापाऱ्यांनींच प्रचारांत आणली. येथवरचीं देणीं बोर्दोनें मोकळेपणानें कबूल केलेलीं आहेत.

आतां अठरावें शतक. बोर्दोला जाणारा प्रवासी आज ज्या भव्य इमारती पाहून थक्क होतो, त्यांतील बहुतेक या शतकाच्या आहेत. नदीकांठीं गाब्रिएल पितापुत्रांनीं रचलेला राजचौक, ज्याला आतां 'प्लास द ला बूर्स' म्हणतात. व्हिक्टर लुई यानें बांधलेलें आणि १७८० मध्यें उघडलेलें भव्य नाट्यगृह, त्याच्या दर्शनीं भागाचे बारा खांब आणि त्यांवरील बारा मूर्ति. पिंवळट दगडांच्या एकसारख्या हवेल्यांची नदीकांठची लांबच लांब रांग. एवढा पैसा एका शतकांत कोठून आला? द्राक्षांतून कांहीं आला; पण मुख्यतः तो साखरेंतून आला, कॉफींतून आला, निळींतून आला.

हा माल अटलांटिकपलीकडील सां-दोमिंग बेटावरून येत असे. त्याच देशास आज आपण हैती म्हणतों. तेथें उसाच्या व कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत. बोर्दोचे व्यापारी या बेटांना पीठ व मद्य पाठवीत आणि तेथील साखर आणून साऱ्या युरोपला विकीत. पण त्यांपैकीं कित्येकजण येथेंच थांबले नाहींत. बोर्दोहून सुमारें पांचशें जहाजें प्रत्यक्ष माणसांच्या व्यापारासाठीं आफ्रिकेच्या किनाऱ्यास गेलीं, आणि त्यांनीं १,२०,००० ते १,५०,००० स्त्री-पुरुष व मुलें साखळदंडांत घालून समुद्रापार नेलीं, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. त्या सुंदर चौकांतल्या इमारतींवर दगडांत कोरलेले शेंकडों मुखवटे आहेत. वरुणदेवाचे आहेत, द्राक्षांच्या देवतेचे आहेत, आणि शहराच्या त्या भागांत कांहीं आफ्रिकन चेहरेहि आहेत. देणेकऱ्याच्या दारावरच धनकोचें चित्र असावें, तसे ते आहेत.

तत्कालीन विचारवंतांना हें दिसत नव्हतें काय? माँतेस्क्यु हा थोर पंडित १६८९ मध्यें शहराजवळील ला ब्रेद येथें जन्मला. बोर्दोच्या न्यायसभेंत तो अधिकारपदावर होता. त्याचे स्वतःचे द्राक्षमळे होते आणि त्यांचें आसव तो इंग्लंडास विकीत असे. १७४८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'कायद्यांचें मर्म' या अर्थाच्या आपल्या ग्रंथांत त्यानें गुलामगिरीच्या समर्थकांची उपरोधानें रेवडी उडविली आहे. तो ग्रंथ जगानें वाचला. पण त्याच्या शहरांतून जहाजें सुटावयाचीं थांबलीं नाहींत. उलट पुढच्या अर्धशतकांत त्यांची संख्या वाढली. चांगलें पुस्तक लिहिलें जाणें आणि त्याप्रमाणें चाल सुधारणें यांत किती अंतर असतें, हें आम्हां शिक्षकांइतकें दुसरें कोण जाणतो? शेवटीं १७९१ मध्यें सां-दोमिंगच्या गुलामांनीं स्वतःच उठाव केला, १८०४ मध्यें हैती स्वतंत्र झाला, आणि बोर्दोची साखर आटली. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी कायमची बंद होण्यास मात्र १८४८ साल उजाडावें लागलें.

साखर आटल्यावर शहर पुन्हा द्राक्षाकडे वळलें. १८५५ मध्यें पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्दोच्या दलालांनीं तेथील तांबड्या आसवांची पांच श्रेणींत वर्गवारी केली. ती चव घेऊन केलेली नव्हती. अनेक वर्षांच्या बाजारभावावरून केलेली होती. लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियों हे चार मळे पहिल्या श्रेणींत आले. (आपल्या लातूरशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगणें नकोच.) पुढें १९७३ मध्यें मूतों या एका मळ्यास पहिल्या श्रेणींत बढती मिळाली, एवढा बदल सोडला तर ती यादी बव्हंशीं आजतागायत तशीच चालत आली आहे.

पण नांव मोठें झालें आणि मुळालाच कीड लागली. आणि हें मी अलंकारानें बोलत नाहीं. अमेरिकेंतून आलेल्या फिलोक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें १८६० नंतर फ्रान्सचे मळे मुळांतून शोषून टाकले. उपाय सांपडला तोहि अमेरिकेंतच. तेथील रानटी वेलींचीं मुळें या किडीस दाद देत नाहींत, ही गोष्ट बोर्दोच्या लालिमान नांवाच्या बागाइतदारानें १८६९ मध्यें पुढें मांडली. मग अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधण्याची पद्धत रूढ झाली. आज बोर्दोच्या बहुतेक साऱ्या वेली परक्या पायांवर उभ्या आहेत. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदार ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोहि मूळचा अमेरिकेचाच.

परंतु अमेरिकेहून मुळें आलीं, आणि बहुधा त्यांच्याच बरोबर आणखी एक रोग आला. ज्याला आपले शेतकरी केवडा म्हणतात तोच हा. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्यें दिसूं लागला. पानें गळूं लागलीं, घड सुकूं लागले. बोर्दोच्या विद्यापीठांत मिलार्दे नांवाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबरमध्यें ते मेदोकमधील एका मळ्यावरून चालले असतां त्यांना एक चमत्कार दिसला. आंतल्या वेलींचीं पानें गळून पडलेलीं. पण रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार. त्यांनीं मळ्याच्या कारभाऱ्यास गांठून विचारलें, तेव्हां खुलासा झाला. येणारे-जाणारे लोक द्राक्षें तोडून खात, म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना कालवून शिंपडण्याची तिकडे चाल होती. तो निळा डाग पाहून लोकांना वाटे कीं द्राक्षांवर विष आहे, आणि ते हात लावीत नसत. चोरांना भिवविण्यासाठीं केलेली युक्ति रोगाला भिववीत होती. मिलार्दे यांनीं रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्या साहाय्यानें दोन-तीन वर्षें प्रयोग केले आणि १८८५ मध्यें तें मिश्रण जगासमोर ठेवलें. तेंच हें बोर्डो मिश्रण. तेच आपल्या नाशिकच्या मळ्यांतील द्राक्षांवर आणि कोंकणांतील सुपारीच्या कोळेरोगावर फवारलें जातें. मला यांत सर्वांत मोठें वाटतें तें त्या अध्यापकांचें थांबणें. रस्त्यानें जाणारे इतरहि लोक तीं हिरवीं पानें पाहत असतीलच. त्यांनीं थांबून कारभाऱ्याला 'हें कां?' असें विचारलें. आणि कारभाऱ्यानें खरें तें सांगितलें. याहि जमेस नांवेंची बाजू आहे. तांबें जमिनींत साठून राहतें. म्हणून युरोपांत आतां सात वर्षांत हेक्टरीं २८ किलोपेक्षां अधिक तांबें वापरूं देत नाहींत.

विसाव्या शतकांत या शहरावर निराळीच पाळी आली. पॅरिस धोक्यांत आलें कीं फ्रान्सचें सरकार बोर्दोला येई. १८७० मध्यें आलें, १९१४ मध्यें आलें आणि १९४० च्या जूनमध्यें पुन्हा आलें. जर्मन फौजांपुढें पळत निघालेले लक्षावधि निर्वासित रस्त्यांवर होते, आणि त्यांचा मोठा लोंढा बोर्दोंत येऊन थडकला. स्पेनमधून पोर्तुगालला जाण्याचा परवाना हाच त्यांचा तरणोपाय. तेथील पोर्तुगीज वकील अरिश्तीदिश द सूझा मेंदिश यांना त्यांच्या सरकारचा हुकूम होता कीं ज्यू वगैरे लोकांस वरून मंजुरी आल्यावांचून परवाना देऊं नये. कांहीं दिवस ते मनःस्तापानें अंथरुणास खिळले. मग उठले आणि जो येईल त्याला, जात-धर्म न विचारतां, परवाना देऊं लागले. हजारों माणसें त्या सहीमुळें वांचलीं. सूझा मेंदिश यांची नोकरी गेली. १९५४ मध्यें ते दारिद्र्यांतच वारले. मृत्यूनंतर मात्र त्यांच्या देशानें त्यांना परत मान दिला. आणि त्याच शहरांत, त्यानंतर दोनच वर्षांनीं, मोरीस पापों नांवाचा एक सरकारी अधिकारी ज्यू लोकांच्या रवानगीचे हुकूम कागदोपत्रीं नीट पार पाडीत होता. १९४२ ते १९४४ या काळांत तेथून सुमारें १,६०० ज्यू पाठविले गेले. पन्नासाहून अधिक वर्षांनीं, १९९८ मध्यें, बोर्दोच्याच न्यायालयांत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. एक सही माणसें वांचविणारी, एक सही माणसें घालविणारी. शाई दोहोंची सारखीच असणार.

तो खटला उभा राहिला, त्याच सुमारास शहरानें आपली जुनी वहीहि पुन्हा चाळावयास घेतली. २००७ मध्यें 'चंद्राच्या बंदरा'स जागतिक वारशांत स्थान मिळालें. २००९ मध्यें अ‍ॅकितेन संग्रहालयांत गुलामांच्या व्यापाराचीं कायमचीं दालनें उघडलीं. २०१९ मध्यें नदीच्या धक्क्यावर मोदेस्त तेस्तास या स्त्रीचा पुतळा बसविण्यांत आला. आफ्रिकेंत पकडलेली ही मुलगी, बोर्दोच्या दोघां भावांनीं विकत घेतली आणि समुद्रापार नेली. पुतळा घडविणारा शिल्पकार हैतीचा आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या कुळांचीं नांवें ज्या रस्त्यांना आहेत, त्यांपैकीं कांहींच्या पाटीखालीं आतां खुलाशाची दुसरी पाटी लावलेली आहे. नांव पुसलें नाहीं. त्याखालीं हिशेब लिहिला. मला ही पद्धत शिक्षकाची वाटते. चुकलेलें उत्तर खोडरबरानें नाहींसें करूं नये. त्याखालीं बरोबर उत्तर लिहावें.

द्राक्षांचें पुढें काय? २०१६ मध्यें शहरानें द्राक्षासवाच्या इतिहासाचें एक भव्य संग्रहालय उभारलें. पण लोकांची आवड बदलली, तांबड्या आसवाचा खप घटला, आणि २०२३ पासून सरकार पैसे देऊन हजारों हेक्टर वेली उपटवीत आहे. प्रसिद्ध मळे सुखांत आहेत; लहान बागाइतदार आपल्या हातानें आपल्या वेली उपटीत आहे. भाव पडल्यावर कुऱ्हाड हातीं घेणाऱ्या शेतकऱ्याचें दुःख महाराष्ट्रांत कोणाला समजावून सांगावें लागणार नाहीं.

आतां माझें देणें. तो मळेकरी आज हयात नाहीं. त्याचा मुलगा माझ्याच वर्गांत शिकला आणि आतां तोच मळा पाहतो. तो हें भाषण ऐकत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें : बाळ, तुझ्या वडिलांनीं मला विचारलें होतें, बोर्डो साहेब कीं गांव? मीं साहेब म्हणून सांगितलें. तें चूक होतें. तें गांव आहे.